राउंड, बिफोर, दॅट... एकाच शब्दाला तीन-तीन उत्तरं कशी? पार्ट ऑफ स्पीच ओळखायचा तरी कसा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तलाठी भरतीची तयारी चाललीय, शिक्षण मराठी माध्यमातून, टेलिग्रामवर कुणीतरी 2000 कॉमन इंग्रजी शब्दांची पीडीएफ टाकली, प्रत्येक शब्दापुढे त्याचा पार्ट ऑफ स्पीच, म्हणजे नाउन (नाम), वर्ब (क्रियापद), ॲडजेक्टिव्ह (विशेषण) असं लिहिलेलं, आणि तुम्ही ती पाठ करताय, 300 झाले. मग सराव पेपरात 'राउंड' आला. पीडीएफमध्ये ॲडजेक्टिव्ह, एका उत्तरतालिकेत प्रीपोझिशन (आपल्या शब्दयोगीसारखं), दुसरीत वर्ब. 'बिफोर'चंही तेच. म्हणून विचारताय की कुठली यादी खरी धरू, आणि पीडीएफ डिलीट करू का.

मी बार्शीत गेली 23 वर्षं इंग्रजी ग्रामरचा क्लास घेते, बहुतेक पोरं मराठी माध्यमाची, अर्धी तरी भरतीवाली. हा प्रश्न दर बॅचला येतो, फक्त शब्द बदलतो. सगळं मराठीतच टाईप करतेय म्हणून इंग्रजी वाक्यंपण देवनागरीत लिहिते, चालवून घ्या.

तर यादी कुठलीच खरी नाही आणि तशी सगळ्याच खऱ्या आहेत. तुम्हाला दिसलेली तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण तिन्हीकडे वाक्य वेगळं असणार. पीडीएफवाल्याने वाक्य काढून टाकलं आणि नुसता शब्द ठेवला, घोळ तिथे झाला.

मला तर वाटतं हा घोळ आपल्या शाळेपासून आहे. आपण मराठीत शिकतो 'शब्दांच्या जाती'. आता जात म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, जन्माने मिळते आणि मरेपर्यंत चिकटते. मग पोरगं शब्दाची जात एकदा पाठ करतं आणि ती बदलली की त्याला वाटतं पुस्तक चुकलं. मी वर्गात म्हणते, जात विसरा, इंग्रजीत शब्द काय वापरलाय, 'पार्ट'. त्याचा मूळ अर्थ बोलण्याचे भाग असाच आहे, पण मी मुद्दाम त्यांना गावच्या जत्रेतल्या नाटकातला पार्ट आठवायला लावते. पहिल्या अंकात जो पाटील तोच तिसऱ्या अंकात मिशी काढून हवालदार, माणसं कमी असतात ना. तुम्ही विचारलंत की आमच्या गल्लीतला बाळू कोण, तर मी म्हणणार कुठल्या अंकात? 'राउंड' तसाच.

बघा. 'द अर्थ इज राउंड' यात तो ॲडजेक्टिव्ह, पृथ्वी कशी ते सांगतोय. 'ही लॉस्ट इन द फर्स्ट राउंड' यात नाउन, कुस्तीची फेरी. 'वी वॉक्ड राउंड द टेम्पल' यात प्रीपोझिशन, देवळाभोवती. 'शी टर्न्ड राउंड' यात ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण), मागे वळली. आणि 'द बस राउंडेड द कॉर्नर' यात वर्ब, बसने वळण घेतलं. एक नट आणि पाच पार्ट, यादीत तुम्ही पाठ काय करणार?

आता हे इंग्रजीतच एवढं का होतं ते सांगते, कारण ते कळलं की ओळखायचं कुठे बघून ते आपोआप कळतं. मी फळ्यावर एक खोटं वाक्य लिहिते, 'लोंबट्या किरबाने टुमकाला चिमकावलं'. यातला एकही शब्द मराठीत नाही, तरी पोरं पटापट सांगतात, किरबा म्हणजे कुणीतरी, त्याने काहीतरी केलं, टुमकाला केलं, आणि लोंबट्या म्हणजे तो कसा आहे. कशावरून ओळखलं? 'ने', 'ला', 'लं'. मराठीत शब्दाच्या शेवटाला पाटी लावलेली असते. आणि शब्दाचं काम बदलायचं असेल तर आपण पाटीही बदलतो, पाण्याचं क्रियापद करायचं तर 'पाणावणे' होतं, डोळे पाणावले. हाताचं 'हाताळणे', लाथेचं 'लाथाडणे'. इंग्रजीत सरळ 'माय आइज वॉटर', 'वॉटर द प्लँट्स', तोच 'वॉटर', पाटी नाही, काही नाही.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 सालाच्या आधीच्या, अशा पाट्या भरपूर होत्या, नंतरच्या तीन-चारशे वर्षांत बहुतेक गळून पडल्या. मग कोण काय करतंय हे सांगायचं काम जागेवर आलं. म्हणून मराठीत शब्दाचं शेपूट बघायचं आणि इंग्रजीत शब्दाचे शेजारी. शेजाऱ्यांवरून माणूस ओळखायचा, एवढीच युक्ती आहे.

आता 'बिफोर' घेऊ, कारण भरतीच्या पेपरात या गटातले प्रश्न मी सगळ्यात जास्त बघितलेत, बिफोर, आफ्टर, सिन्स, टिल, अंटिल. यांना उजवीकडे बघायचं. उजवीकडे नुसतं नाम असेल तर प्रीपोझिशन, 'बिफोर द एक्झाम'. उजवीकडे कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य असेल तर कंजंक्शन (उभयान्वयी), 'बिफोर द एक्झाम स्टार्ट्स'. उजवीकडे काहीच नसेल, पूर्णविराम, तर ॲडव्हर्ब, 'आय हॅव सीन हिम बिफोर'.

इथे पोरं एक ठरलेली चूक करतात आणि मला खात्री आहे तुमचीही तीच झाली असणार. 'बिफोर'च्या उजवीकडे 'द एक्झाम' दिसला की थांबतात, नाम आलं, प्रीपोझिशन, गोल केला, पुढचा प्रश्न. अहो पण थांबायचं नाही, त्या नामाच्या पुढे त्याचं क्रियापद येतंय का ते बघायचं. 'स्टार्ट्स' आलं की सगळं फिरलं. आणि 'बिफोर गोइंग होम' असं आलं तर? 'गोइंग' क्रियापदासारखं दिसतंय पण त्याला कर्ता नाही, ते इथे 'जाणं' आहे, म्हणजे नाम, म्हणून 'बिफोर' प्रीपोझिशन.

हे तुम्हाला नवीन वाटेल पण नाहीये, मराठीच्या पेपरात हेच तुम्ही करता. 'तो वर गेला' यात 'वर' काय? क्रियाविशेषण अव्यय. 'तो झाडावर गेला' यात? शब्दयोगी. 'ती मागे बसली' आणि 'ती घरामागे बसली' तसंच. तिथे तुम्ही बरोबर उत्तर देता कारण नामाला चिकटलाय की सुटा आहे हे डोळ्यांना दिसतं. इंग्रजीत तो चिकटत नाही आणि नाम डावीकडे नसून उजवीकडे असतं, फरक एवढाच. प्रीपोझिशन म्हणजे आपला शब्दयोगी, फक्त नामाच्या आधी येऊन उभा राहिलेला.

याच गटात अर्थावरून फसवणारी जोडपी आहेत. 'ड्युरिंग' आणि 'व्हाइल', दोन्हीचा अर्थ साधारण 'चालू असताना'. पण 'ड्युरिंग द मीटिंग' प्रीपोझिशन आणि 'व्हाइल द मीटिंग वॉज गोइंग ऑन' कंजंक्शन. 'डिस्पाइट' आणि 'ऑलदो' तसेच, 'बिकॉज ऑफ' आणि 'बिकॉज' तसेच. अर्थ सारखा म्हणून पार्ट सारखा असं नसतं हे या जोड्यांवरून पोरांना जेवढं लवकर पटतं तेवढं माझ्या भाषणाने पटत नाही.

आणि 'ऑन', 'अप', 'ऑफ' यांचं जरा वेगळं. 'सिट ऑन द चेअर' आणि 'स्विच ऑन द फॅन', दोन्हीकडे 'ऑन'च्या उजवीकडे नाम आहे, मग दोन्ही प्रीपोझिशन? नाही. तो 'ऑन' उचलून नामाच्या मागे ठेवून बघा. 'स्विच द फॅन ऑन' चालतं, आपण घरीपण 'फॅन ऑन कर' म्हणतोच. 'सिट द चेअर ऑन' चालत नाही. जो उचलता येतो तो ॲडव्हर्ब, काही पुस्तकं त्याला पार्टिकल म्हणतात, आणि जो नामाला सोडून हलत नाही तो प्रीपोझिशन.

आता येते मराठी माध्यमवाल्यांच्या खास खड्ड्याकडे, हा कुठल्या पीडीएफमध्ये नसतो म्हणून सविस्तर लिहिते. आपण इंग्रजी शब्द मनातल्या मनात मराठीत करतो आणि मराठी शब्दाची जात इंग्रजी शब्दाला लावतो. 'आय ॲम अफ्रेड', मला भीती वाटते. मग 'अफ्रेड' म्हणजे भीती, भीती नाम, म्हणून नाउन. दुसरा म्हणतो 'अफ्रेड' म्हणजे घाबरणे, म्हणून वर्ब. दोघंही चूक, तो ॲडजेक्टिव्ह आहे. 'आय ॲम हंग्री', मला भूक लागलीय, भूक नाम, पण 'हंग्री' ॲडजेक्टिव्ह. 'शी इज फॉन्ड ऑफ टी', तिला चहा आवडतो, आवडतो क्रियापद, पण 'फॉन्ड' ॲडजेक्टिव्ह. मराठीत आपल्याला भीती वाटते, भूक लागते, राग येतो, सगळं बाहेरून येऊन लागतं, इंग्रजीत माणूस स्वतःच तसा असतो.

यावर माझा साधा उपाय, वाक्य कालवर न्या. 'आय वॉज अफ्रेड'. काय बदललं? 'ॲम'चं 'वॉज' झालं, 'अफ्रेड' जागचा हलला नाही. जो बदलला तो वर्ब. नंतर 'अफ्रेड'च्या आधी 'व्हेरी' लावा, 'व्हेरी अफ्रेड' चाललं, म्हणजे ॲडजेक्टिव्ह. ('पुट', 'कट' असली क्रियापदं कालवर नेली तरी बदलत नाहीत, तिथे 'काल' ऐवजी कर्ता बदला, 'आय पुट' चं 'ही पुट्स' होतं का बघा.)

उलटा खड्डापण आहे. मराठीत 'मी सहमत आहे', सहमत विशेषण, म्हणून पोरं लिहितात 'आय ॲम अग्री'. पण 'अग्री' स्वतःच वर्ब आहे, नुसतं 'आय अग्री'. 'तो मेला आहे' म्हणून 'ही इज डाइड', तर 'डाइड' वर्ब आणि 'डेड' ॲडजेक्टिव्ह, एकतर 'ही डाइड' म्हणा नाहीतर 'ही इज डेड'. म्हणजे हा विषय फक्त दोन मार्कांचा नाही, एरर शोधाच्या प्रश्नांतपण निम्मी चूक पार्ट ऑफ स्पीचचीच असते.

आणि 'गोड'. आमच्याकडे दर मे महिन्यात मी हे उदाहरण घेते. 'द मँगो टेस्ट्स स्वीट', आंबा गोड लागतो. 'शी सिंग्ज स्वीटली', ती गोड गाते. मराठीत दोन्हीकडे 'गोड'च, म्हणून पोरांना दोन्ही ॲडव्हर्ब वाटतात, कारण क्रियापदाशेजारी आहे ना, क्रियापदाबद्दल सांगणार. पण पहिल्यात लागणं गोड नाहीये, आंबा गोड आहे. परीक्षा अशी करायची की क्रियापद काढून तिथे 'इज' टाकायचा, 'द मँगो इज स्वीट', अर्थ राहिला, म्हणजे ॲडजेक्टिव्ह. 'शी इज स्वीट' म्हटलं तर गाणं गेलं आणि बाई राहिली, म्हणजे तिथे ॲडव्हर्ब हवा. टेस्ट, स्मेल, लुक, फील, साउंड, सीम, बिकम, यांच्यानंतर ही परीक्षा करायचीच. आणि यातला 'लुक' दोन्हीकडचा आहे, 'ही लुक्ड अँग्री' तो रागावलेला दिसला, 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी' त्याने माझ्याकडे रागाने बघितलं.

म्हणजे भाषांतर वाईटच का? नाही, तसं नाही, छोट्या शब्दांना तर त्याचा उपयोगच होतो. 'दॅट' घ्या. 'आय नो दॅट ही इज हिअर' यात मराठीत 'की' येतो, म्हणजे कंजंक्शन. 'द बॅग दॅट आय बॉट' यात 'जी' येतो, म्हणजे रिलेटिव्ह प्रोनाउन (संबंधी सर्वनाम). 'इट इज नॉट दॅट डिफिकल्ट' यात 'तितकं' येतं, तितकं अवघड नाही, म्हणजे ॲडव्हर्ब. उरले दोन, 'दॅट बॅग इज माइन' आणि 'दॅट इज माय बॅग', दोन्हीकडे मराठीत 'ती'च येते, तर तिथे परत शेजारी बघा, लगेच पुढे त्याचं नाम आहे तर ॲडजेक्टिव्ह, नाम नाही तर प्रोनाउन. हाच नियम सम, ऑल, बोथ, ईच, फ्यू, मेनी, धिस यांना सरसकट लावा, 'सम बॉइज' ॲडजेक्टिव्ह, 'सम आर लेट' प्रोनाउन. म्हणजे भावनांचे आणि गुणांचे मोठे शब्द असले की भाषांतर करू नका आणि जोडणारे छोटे शब्द असले की जरूर करा, माझा अनुभव असा आहे.

पीडीएफमध्ये एक टीप असणार, सगळ्यांत असते, की शब्दाच्या शेवटी एल-वाय म्हणजे 'ली' आला की ॲडव्हर्ब. ही टीप बहुतेक वेळा चालते आणि पेपर काढणारा नेमका ती जिथे चालत नाही तिथूनच शब्द उचलतो. फ्रेंडली, लव्हली, लोनली, कावर्डली, हे ॲडजेक्टिव्ह आहेत. डेली, वीकली, अर्ली दोन्ही होतात. आणि उलट फास्ट, हार्ड, लेट यांना 'ली' नसून ते ॲडव्हर्ब होतात, 'ही वर्क्स हार्ड'. 'हार्डली' लावलात तर 'ही हार्डली वर्क्स', तो कामच करत नाही जवळजवळ, अर्थाचा पार कचरा.

हे अपवाद म्हणून पाठ करू नका, मागे कारण आहे आणि ते गमतीशीर आहे. जुन्या इंग्रजीत ॲडजेक्टिव्हचा ॲडव्हर्ब करायला शेवटी फक्त एक छोटा स्वर लावायचे. 'हार्ड'ला लावला की ॲडव्हर्ब, 'फास्ट'ला लावला की ॲडव्हर्ब. पुढे तो शेवटचा स्वर बोलण्यात गळाला, मग दोन्ही सारखे दिसायला लागले, म्हणून आज 'फास्ट' दोन्ही आहे. आणि 'ली'चं काय, तर ते मुळात ॲडजेक्टिव्हचं शेपूट होतं, 'सारखा' अशा अर्थाचं, फ्रेंडसारखा म्हणजे फ्रेंडली. त्याला तो छोटा स्वर जोडला की ॲडव्हर्बचं शेपूट व्हायचं. स्वर गळाला आणि दोन्ही शेपटं आज 'ली' अशीच दिसतात. तर 'फ्रेंडली' हा अपवाद वगैरे नाही, त्या शेपटाचं जुनं कामच ते आहे. ओळखायची युक्तीसुद्धा यातच आहे, 'ली' काढून बघा, मागे ॲडजेक्टिव्ह उरला (स्लो, क्विक, अँग्री) तर बहुतेक ॲडव्हर्ब, मागे नाम उरलं (फ्रेंड, कावर्ड) तर बहुतेक ॲडजेक्टिव्ह.

आयएनजीवाल्यांचं थोडक्यात सांगते. 'ही इज स्लीपिंग' वर्ब. 'अ स्लीपिंग बेबी' ॲडजेक्टिव्ह, झोपलेलं बाळ. 'अ स्लीपिंग बॅग' यात बॅग झोपलेली नाही, झोपण्यासाठीची बॅग, म्हणून तिथे ते नामाच्या वळणाचं, ज्याला जेरंड म्हणतात. 'झोपलेलं' की 'झोपण्याचं' एवढं विचारलं की झालं.

आता जिथे माझ्याकडेही एकच उत्तर नाही तिथे येते, हे लपवण्यात अर्थ नाही. काही शब्दांवर पुस्तकांचंच एकमत नाही. 'द', 'माय', 'धिस' हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत ॲडजेक्टिव्हमध्ये बसवतात, नवीन पुस्तकं त्यांना डिटर्मिनर नावाचा वेगळा डबा देतात. 'स्कूल बॅग'मधला 'स्कूल' बरेच गाईड ॲडजेक्टिव्ह म्हणतात, मला विचाराल तर तो नाउनच आहे, दुसऱ्या नाउनची ओळख सांगणारा, कारण 'व्हेरी स्कूल बॅग' कुणी म्हणत नाही. 'गो होम'मधला 'होम' ॲडव्हर्ब, म्हणून त्याच्या आधी 'टू' येत नाही, आपणही 'घरी जा' म्हणतो, 'घराला जा' म्हणत नाही, इथे मात्र बहुतेकांचं एकमत आहे. आणि 'बिफोर'चं तर मी वर एवढं पुराण लावलं, पण 2002 साली केंब्रिजने इंग्रजीचं 1800 पानांच्या वरचं जाडजूड व्याकरण काढलं, त्यात तिन्ही वाक्यांतला 'बिफोर' प्रीपोझिशनच धरलाय, का तर अर्थ तोच, फक्त पुढे काय येतं ते बदलतं. वाचून मला आधी चीड आली, मग वाटलं बोलतायत त्यात दम आहे. पण तुमच्या पेपरात हे लिहू नका बरं का, भरतीचा पेपर जुन्या मांडणीवर निघतो.

आणि पार्ट ऑफ स्पीच आठ, हा आकडाही काही देवाने दिलेला नाही. आपल्याकडे यास्काने निरुक्तात चारच सांगितले, नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). ग्रीकांचे आठ होते पण त्यात ॲडजेक्टिव्ह वेगळा नव्हताच, नामातच धरायचे. इंग्रजीत जोसेफ प्रीस्टलीने 1761 मध्ये आठ मांडले, तो ऑक्सिजनवाला प्रीस्टली हो, तोच, आणि 1795 मध्ये व्याकरणकार लिंडले मरेने आर्टिकल वेगळं धरून नऊ मांडले. आपल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठी व्याकरण काढलं, आणि आपण शाळेत शिकतो त्या आठ जातींच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप स्पष्ट आहे. त्यामुळे उत्तरतालिका आपसात भांडल्या तर दर वेळी कुणीतरी गाढव आहे असं समजू नका, कधीकधी डबेच वेगळे असतात.

मग परीक्षेत काय करायचं? आधी पर्याय वाचायचे. 'माय'साठी पर्यायांत डिटर्मिनर असेल आणि ॲडजेक्टिव्ह नसेल तर डिटर्मिनर, उलट असेल तर उलट. दोन्ही असतील तर त्या परीक्षेचे मागचे पेपर काय म्हणतात ते बघायचं, तिथे माझं मत चालत नाही, त्यांचं चालतं. तलाठीच्या 100 प्रश्नांत इंग्रजीचे 25, त्यातला असा वादाचा एखादाच, त्याच्यापायी रात्र घालवू नका.

माझीच एक फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या 300 शब्दांचं वाईट वाटणार नाही. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, टेस्टमध्ये वाक्य होतं 'ही इज बट अ चाइल्ड'. एका मुलीने 'बट' ॲडव्हर्ब लिहिलं, मी लाल पेनाने काट मारली, 'बट' म्हणजे 'पण', कंजंक्शन, एवढं येत नाही का म्हणून वर चार शब्दही सुनावले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डिक्शनरी घेऊन आली, पान दुमडून. 'ही इज बट अ चाइल्ड' म्हणजे तो फक्त लहान मूल आहे, इथे 'बट' म्हणजे 'फक्त', ॲडव्हर्ब. आणि 'ऑल बट वन' यात तोच 'बट' म्हणजे 'सोडून', प्रीपोझिशन. मी सगळ्या वर्गासमोर मार्क वाढवून दिले. मी तेव्हा तेच करत होते जे तुम्ही आता करताय, डोक्यातल्या यादीतून उत्तर देत होते, वाक्य वाचलंच नव्हतं.

थोडक्यात उजळणी हवी असेल तर, आधी वाक्यातला वर्ब काळ बदलून पकडा, मग विचारलेल्या शब्दाचा उजवा शेजारी बघा, भावना-गुणाच्या शब्दाला 'व्हेरी' आणि 'इज' लावून बघा, छोट्या जोडणाऱ्या शब्दाचं मराठी करा. नव्वद टक्के प्रश्न यात सुटतात, हा आकडा कुठे मोजलेला नाही, माझा अंदाज आहे.

सगळेच शब्द असे बहुरूपी नसतात हेही खरं. अँड, ऑफ, हॅपीनेस, ब्युटिफुल, ऑल्वेज, हे आयुष्यभर एकच पार्ट करणारे. मजा अशी की शब्द जेवढा छोटा आणि रोजचा तेवढा तो जास्त सोंगं घेतो, आणि जेवढा लांबलचक तेवढा सरळ. तुमची पीडीएफ नेमकी 'कॉमन' शब्दांची आहे, म्हणजे सगळे बेरकी गडी एका जागी गोळा केलेत.

तेव्हा डिलीट करू का याचं उत्तर. करू नका, उलटी वापरा. पुढचे 1700 पाठ करायचे थांबवा. झालेल्या 300 मधले रोज दहा घ्या, डिक्शनरीत बघा, मोबाईलमधली चालेल पण ज्यात प्रत्येक पार्टखाली उदाहरणाचं वाक्य असेल अशी घ्या, आणि पीडीएफने लिहिलेल्या पार्टशिवाय दुसरा कुठला पार्ट त्या शब्दाला मिळतो का शोधा, मिळाला तर शेजारी स्वतःचं एक वाक्य लिहा. वाक्य स्वतःचंच, कॉपी नको, घरातलं गोठ्यातलं काहीपण चालेल. सुरुवात 'वेल'पासून करा. 'देअर इज अ वेल बिहाइंड अवर हाउस', 'शी कुक्स वेल', 'आय ॲम वेल', 'वेल, लेट्स गो', 'टिअर्स वेल्ड अप इन हर आइज'. पाच वाक्यं, पाच पार्ट. मग लाइक, फास्ट, इनसाइड आणि नीड घ्या. चारांचे पार्ट शोधून इथेच खाली लिहा, मी रविवारी बघते. 'फास्ट'मध्ये एकादशीचा उपवास विसरलात तर मात्र एक मार्क कापणार.